तालुक्याच्या फोटो स्टुडिओसाठी गिम्प ३: कुठे पुरतं, कुठे अडतं

आर्वी असो, दर्यापूर असो की पांढरकवडा, बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओतल्या संगणकावर अजूनही फोटोशॉप ७.० उघडं दिसण्याची शक्यता बरीच. हे २००२ सालचं सॉफ्टवेअर. जुन्या यंत्रावर पळतं, हाताला सवय झालेली असते आणि ते कुठून आलं हे सहसा कुणी विचारत नाही. त्याच्या जागी बसू शकेल असं फुकट आणि कायदेशीर काही आहे का, एवढ्याच प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे. त्यासाठी निवडलं गिम्प ३.०, जे १६ मार्च २०२५ रोजी बाहेर आलं. गिम्प तसं जुनंच. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. पण आधीचं २.१० आणि हे ३.० यांच्या वापरात जो फरक पडला आहे, तो स्टुडिओवाल्यानं समजून घेण्यासारखा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. रंग सुधारणं, फॉर्मचे फोटो आणि जुन्या फोटोंचं टचिंग यांना गिम्प पुरतं, दोन-तीन बाबतींत तर फोटोशॉप ७ च्या पुढे जातं. लग्नाचे सहाशे फोटो एका दमात हातावेगळे करायचे असतील किंवा पत्रिका ऑफसेटला द्यायची असेल, तर मात्र गिम्पच्या नादी लागू नका.

यंत्र आणि वीज

गिम्प ३ ला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. यंत्र विंडोज ७ वर अडकलं असेल तर २.१० वरच थांबा. खाली सांगितलेल्या रंगाच्या बहुतेक गोष्टी त्यातही आहेत. चार जीबी रॅमवर गिम्प ३ उघडतं, पण २४ मेगापिक्सेलच्या फोटोवर तीन लेयर (एकावर एक थर) चढले की दम लागतो. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर काम सुखाचं होतं. बसवल्या-बसवल्या एडिट → प्रेफरन्सेस → सिस्टम रिसोर्सेस इथे जाऊन टाइल कॅश साइज (गिम्पनं किती रॅम वापरायची तो आकडा) एकदा पाहून घ्या. आठ जीबीच्या यंत्रावर चार जीबी, चारच्या यंत्रावर दोन, असा हिशेब ठेवा. पूर्ण रॅम देऊन टाकली तर विंडोजच गुदमरतं. स्वॅप फोल्डर (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एसएसडीवर असू द्या. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, तेव्हा लॅपटॉपचा प्रोसेसर तापून आपणहून मंद होतो. तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, पंख्याचा आहे.

आपल्या भागात यापेक्षा मोठी अडचण विजेची. गिम्पमध्ये ठरावीक वेळानं आपोआप सेव्ह होण्याची सोय नाही. प्रोग्राम स्वतः कोसळला तर पुढच्या वेळी उघडताना तो फाइल परत मिळवून देण्याचा प्रयत्न करतो. पण वीज गेली आणि यंत्र झटक्यात बंद झालं तर काही परत येत नाही. त्यामुळे यूपीएस हवाच, आणि प्रत्येक मोठ्या पायरीनंतर कंट्रोल-एस. इथे नवखे फसतात, कारण कंट्रोल-एसनं जेपीईजी होत नाही, गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते. जेपीईजीसाठी कंट्रोल-शिफ्ट-ई, म्हणजे एक्सपोर्ट. फोटोशॉपच्या सवयीच्या माणसाला आठ दिवस याचा राग येतो. पण मूळ जेपीईजीवर चुकून परत-परत सेव्ह करून फोटो खराब करण्याची वाटच त्यामुळे बंद होते, हेही खरं.

रंग: मांडव, नीळ आणि हळद

इथे थोडं थांबू, कारण स्टुडिओचं नाव होतं किंवा जातं ते इथेच.

दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, कडेनं पांढरंफेक ऊन. कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या तोंडावर. असा फोटो कलर्स → ऑटो → व्हाइट बॅलन्सला दिला की निकाल नशिबावर. ती आज्ञा लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलची (फोटोतल्या त्या-त्या रंगाच्या थराची) काळं-पांढरं अशी दोन्ही टोकं स्वतंत्र ताणते. प्रत्येक टोकाचे ०.०५ टक्के पिक्सेल सोडून देते, बाकी पूर्ण रुंदीत पसरवते. फोटोत खरोखरचं पांढरं आणि खरोखरचं काळं, दोन्ही असलं तर ठीक जमतं. हळदीच्या फोटोत मात्र हमखास बिघडतं. चौकटीभर पिवळंच असतं, निळा चॅनेल खालीच दबलेला असतो, आणि ही आज्ञा त्याला ओढून वर आणते. हळद फिकी होते, पांढरं धोतर निळसर पडतं, नवरदेव आजारी दिसतो. हळदीच्या फोटोंना ऑटोचं बटण लावूच नका.

त्यापेक्षा कलर्स → लेव्हल्स उघडा. तिथे ड्रॉपरचे (फोटोतला रंग टिपणाऱ्या खुणेचे) दोन संच आहेत. वरचा संच त्या वेळी निवडलेल्या एकाच चॅनेलपुरता असतो. खाली ‘ऑल चॅनेल्स’ लिहिलेल्या भागातला मधला, करडा ड्रॉपर आपल्या कामाचा. जी वस्तू प्रत्यक्षात बिनरंगी आहे तिच्यावर तो टेकवा, फोटोभरची झाक एका टिचकीत निघते. प्रश्न एवढाच, की बिनरंगी म्हणून काय धरायचं.

पांढरं धोतर, टोपी, उपरणं हेच आधी डोळ्यापुढे येतं आणि तेच धोक्याचं. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते. डोळ्याला तो कपडा शुभ्र वाटतो, पण त्याचा रंग निळ्याकडे झुकलेला असतो. ड्रॉपर त्या निळ्याला ‘बिनरंगी’ धरतो आणि भरपाई म्हणून अख्खा फोटो पिवळा करतो. स्टीलचं ताटही नको, त्यात मांडवाचंच लाल प्रतिबिंब असतं. चांगल्या जागा म्हणजे सिमेंटची फरशी, डांबरी रस्त्याचा सावलीतला तुकडा, खुर्चीचा करडा लोखंडी पाय. यांतलं काहीच नसेल तर पिकलेले केस, पण डोक्यावरून कापडाचा उजेड थेट येत नसेल तरच. ड्रॉपरची जागा अगदी जळजळीत पांढरीही नको; तिन्ही चॅनेल २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकलेले असतील तर तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते आणि टिचकी वाया जाते. सर्वांत स्वस्त उपाय फोटो काढतानाच होतो. खिशात करड्या रंगाचं एक कार्ड ठेवा, मांडवात शिरल्यावर एक फोटो त्याचा घ्या, मांडव बदलला की पुन्हा एक.

अर्धी माणसं मांडवात, अर्धी उन्हात अशा ग्रुपला एकच दुरुस्ती पुरत नाही. लेयरची प्रत काढा. खालच्या लेयरवर उन्हातल्या माणसांचा रंग बसवा, वरच्यावर मांडवातल्यांचा, मग वरच्या लेयरला पांढरा मास्क (काळा रंगवू तेवढा भाग लपवणारा पडदा) जोडून उन्हातला भाग मोठ्या मऊ ब्रशनं काळा रंगवा. ब्रशची कड कठीण ठेवली तर माणसाच्या खांद्यावरून रंगाची शिवण दिसते.

त्वचेचा रंग डोळ्यानं ठरवू नका, विशेषतः पाच-सहा हजारांच्या मॉनिटरवर. स्वस्त टीएन पॅनेल वरून पाहिलं तर फिकट आणि खालून पाहिलं तर काळपट दिसतं. रूलरवरून (फोटोच्या कडेच्या मोजपट्टीवरून) कंट्रोल दाबून ओढलं की सँपल पॉइंट, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणारी खूण, मिळतो. तो गालावर, चकाकी नसलेल्या जागी ठेवा आणि आकडे वाचा. आपल्याकडच्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत लाल सर्वांत वर, हिरवा त्याच्या खाली आणि निळा सर्वांत खाली असायला हवा. निळा हिरव्याच्या वर चढला की चेहरा जांभळट दिसतो, लाल आणि हिरवा जवळ आले की काविळ झाल्यासारखा. आणि एक आगाऊ सूचना: गोरं करून द्या, असं गिऱ्हाइक म्हणेल. कर्व्ह्जमध्ये (उजेडाच्या वक्ररेषेत) मधला बिंदू थोडा वर उचलून उजेड द्या, तेवढ्यानं त्याचं समाधान होतं. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवून गोरं केलेला माणूस प्रिंटमध्ये राखेसारखा दिसतो.

रात्रीच्या वरातीतल्या जांभळ्या एलईडीपुढे मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरचं काही चालत नाही. त्या दिव्यात लाल आणि निळ्याचे अरुंद पट्टेच असतात, हिरवा जवळजवळ नसतो. जो प्रकाश पडलाच नाही त्याचा रंग परत कुठून आणणार? असे फोटो सरळ कृष्णधवल करा. कलर्स → डिसॅच्युरेट → मोनो मिक्सरमध्ये लाल ०, हिरवा १, निळा ० ठेवा. लाल-निळा फुटून, म्हणजे कमाल आकड्याला टेकून, सपाट झालेले असतात, पण हिरव्या चॅनेलमध्ये नाक-डोळ्यांचा तपशील टिकलेला असतो. थोडा दाणा (खरखर) दिसेल, तो चालतो. जांभळ्या चेहऱ्यापेक्षा बरा.

दुपारच्या उन्हात टोपीखाली डोळे काळे पडतात, त्याला कलर्स → शॅडोज-हायलाइट्स. शॅडोज ३० ते ४०, हायलाइट्स उणे १५-२०, रेडियस मूळचा १०० आहे तो मोठ्या फोटोला वाढवा. शॅडोज ६० च्या पुढे नेलं की डोक्याभोवती उजळ वलय येतं, देवाच्या फोटोतल्यासारखं, आणि सावलीतला दाणा वर येतो तो वेगळाच.

कापूस आणि संत्री

कृषी केंद्राचं पत्रक, जिनिंगवाल्याची जाहिरात, बागायतदाराचा व्हॉट्सॲप कॅटलॉग, हीही कामं आता स्टुडिओकडे येतात. फुटलेल्या बोंडाचा फोटो उन्हात काढला की पांढरं फुटतं. तिन्ही चॅनेल २५५ वर गेले की तंतू दिसत नाहीत, कापसाच्या जागी नुसता पांढरा डाग. व्ह्यू → डिस्प्ले फिल्टर्समध्ये क्लिप वॉर्निंग आहे, ते चालू केलं की फुटलेली जागा रंगानं दाखवली जाते. एकदा फुटलेलं जेपीईजीमधून परत येत नाही. लेव्हल्समध्ये आउटपुटचा पांढरा २४० वर आणला तर डाग करडा होतो, तंतू काही उगवत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्यातच एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली ठेवा, मग गिम्पमध्ये कर्व्हचा मधला भाग वर उचला आणि वरचं टोक हलवू नका. कापसाचा सर्वांत उजळ भाग २३५ ते २४५ च्या आसपास राहिला की प्रिंटमध्येही बोंड भरलेलं दिसतं.

वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं दुखणं उलटं. रंग आधीच तेज असतो, त्यात ह्यू-सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली की लाल चॅनेल छताला टेकतो, सालीवरचे बारीक खड्डे पुसले जातात आणि फळ प्लास्टिकचं वाटतं. त्याऐवजी ह्यू-क्रोमा वापरा. त्यात उजळपणा बराचसा जागेवर राहून रंगाची गर्दी वाढते. क्रोमा ८-१० च्या वर कशाला न्यायचा? फोटोत केशरी आणि ट्रकमध्ये हिरवट निघालं तर व्यापाऱ्याचा फोन बागायतदाराला येतो आणि बागायतदाराचा तुम्हाला.

जाता जाता: पीक नुकसानीच्या पंचनाम्यासाठी किंवा विम्यासाठी काढलेला फोटो गिम्पमध्ये उघडूच नका. उजेड वाढवला तरी तो बदललेला फोटो होतो, एक्सपोर्ट करताना वेळ-ठिकाणाची माहितीही गळू शकते. मूळ फाइल जशी आहे तशी द्या.

३.० मध्ये बदललं काय

आधीच्या गिम्पमध्ये कर्व्ह लावला, ओके केलं की तो फोटोत मुरला. दोन तासांनी नवरीच्या भावानं ‘थोडा उजेड कमी करा’ म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. ३.० मध्ये फिल्टर लेयरवर स्वतंत्र बसतो. लेयरच्या ओळीत ‘एफएक्स’चं छोटं चिन्ह येतं, त्यावर टिचकी दिली की लावलेल्या सगळ्या दुरुस्त्यांची यादी दिसते: डोळा मिटवून बंद करा, क्रम बदला, आकडा बदला. एक्ससीएफमध्ये सेव्ह केलं तर दुसऱ्या दिवशीही सगळं तसंच मिळतं. फिल्टरच्या खिडकीत ‘मर्ज फिल्टर’ची खूण असते, ती चालू राहिली तर जुन्यासारखंच मुरतं. ती बंद आहे ना, हे आधी पाहा.

याची किंमत मोजावी लागते ती वेगात. लेयरवर चार जिवंत फिल्टर ठेवून त्यावरच हील ब्रश (डाग मिटवणारा) चालवला तर प्रत्येक फटक्याला चारही गणितं पुन्हा होतात आणि जुनं यंत्र ब्रशच्या मागे राहतं. म्हणून आधी टचिंग, मग रंग. काही जुने फिल्टर अजूनही थेट मुरतातच. फोटोशॉपसारखा वेगळा ॲडजस्टमेंट लेयर ३.० मध्ये नाही, आणि ज्याचा हात त्यावर बसला आहे त्याला ते जाणवतं.

जुने प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, ही दुसरी अडचण. २.१० साठी लिहिलेले पायथॉन प्लगइन ३.० मध्ये जसेच्या तसे चालत नाहीत. ज्याचं काम अशा एखाद्या प्लगइनवर उभं आहे, त्यानं ३.० साठीची आवृत्ती आहे का हे पाहूनच बदल करावा.

पासपोर्ट फोटो आणि फॉर्म

रोजची कमाई याच कामावर चालते, आणि इथे गिम्प चोख आहे. क्रॉप टूलमध्ये फिक्स्ड आस्पेक्ट रेशो ३५:४५ टाका, कापा, इमेज → स्केल इमेजमध्ये ४१३ × ५३१ पिक्सेल आणि रिझोल्यूशन ३००. हा झाला ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो. आता इमेज → कॅनव्हास साइजमध्ये साखळी (रुंदी-उंची बांधून ठेवणारं चिन्ह) तोडून ४४३ × ५६१ करा, सेंटर दाबा, रिसाइज लेयर्समध्ये ‘ऑल लेयर्स’ आणि भरायला पांढरा निवडा; कापण्यापुरती मोकळी कड मिळाली. मग फिल्टर्स → मॅप → टाइलमध्ये पुन्हा साखळी तोडून रुंदी १७७२, उंची ११२२ द्या. चार आडवे, दोन उभे असे आठ फोटो तयार. शेवटी कॅनव्हास १८०० × १२०० करून मध्ये ठेवलं की ४ × ६ इंचाच्या कागदावर बरोबर बसतं. टाइलमध्ये साखळी तोडायची राहिली तर कागदावर अर्धे कापलेले चेहरे येतात. सर्वाधिक होणारी चूक हीच. प्रिंट देताना प्रिंटरच्या खिडकीतलं ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर ३५ चे ३४ मिलिमीटर होतात.

पांढरी पार्श्वभूमी सॉफ्टवेअरनं आणण्यापेक्षा कॅमेऱ्यापुढेच आणा. माणूस पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवला तर मागे सावली पडत नाही, आणि लेव्हल्समधला पांढरा ड्रॉपर पडद्यावर टेकवला की काम झालं. माणूस पडद्याला चिकटून बसला असेल तर फोरग्राउंड सिलेक्टनं कापावं लागतं, त्यात कुरळ्या केसांची कड करवतीनं कापल्यासारखी दिसते.

फॉर्मची मर्यादा जिथली तिथे वाचून घ्या. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या सूचनांत फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी आणि सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी असं दिलेलं असतं. सगळे ‘केबी कमी कसे करू’ विचारतात. खरी गंमत उलटी आहे. १४० × ६० ची सही ९० क्वालिटीला एक्सपोर्ट केली तर ती १० केबीच्या खालीच राहते आणि फॉर्म नाकारला जातो. ही मापं ‘प्राधान्याची’ म्हणून दिलेली असतात, त्यामुळे त्याच प्रमाणात २८० × १२० करा आणि क्वालिटी वर न्या. एक्सपोर्टच्या खिडकीत ‘शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो’वर खूण केली की फाइलचं वजन तिथल्या तिथे दिसतं, पट्टी सरकवत योग्य आकड्यावर थांबता येतं. वजन उतरवायचं असेल तर आधी एक्झिफ, एक्सएमपी (फोटोसोबतची माहिती) आणि थंबनेल (छोटी प्रत) यांच्या खुणा काढा. लहान फोटोत ही अडगळच काही केबी खाते, आणि ती काढल्यानं चेहऱ्याचं काही बिघडत नाही.

मोबाइलनं काढलेल्या सहीच्या फोटोत हाताची सावली असते. लेयरची प्रत करा, तिला गॉसियन ब्लर (धूसरपणा) ५० किंवा अधिक द्या, लेयर मोड ‘डिव्हाइड’ ठेवा. सावली गायब, कागद सपाट पांढरा. मग लेव्हल्समध्ये काळी पट्टी आत सरकवून शाई गडद करा. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी गिम्पमधली ही एकच युक्ती शिकली तरी चालेल.

जुने फोटो

पिवळे पडलेले कृष्णधवल फोटो ६०० डीपीआयला, रंगीतच स्कॅन करा. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसतो, लाल चॅनेलमध्ये सर्वांत पुसट. म्हणून मोनो मिक्सरमध्ये लाल १, बाकी दोन ० ठेवलं की अर्धे डाग ब्रश न लावताच जातात. उरलेल्यांसाठी फिल्टर्स → एनहान्स → वेव्हलेट डिकंपोज, जे फोटोचे बारीक ते ठळक तपशिलाचे थर वेगळे करतं; पाच स्केल मूळचेच राहू द्या. चिरा आणि घडीच्या रेघा पहिल्या दोन-तीन थरांत, पावसाळ्यात भिंतीच्या ओलीनं आलेले बुरशीचे मोठे डाग चौथ्या-पाचव्या थरात सापडतात. ज्या थरात डाग, तिथेच हील टूल. कागदाचा पोत दुसऱ्या थरात असल्यामुळे तो शाबूत राहतो. फोटोशॉप ७ मध्ये हे थर हातानं बनवावे लागतात.

वारलेल्या माणसाचा आधार कार्डावरचा फोटो घेऊन ‘हार घालायला १२ × १५ करून द्या’ म्हणणारे दर आठवड्याला येतात. ३०० पीपीआयला त्यासाठी ३६०० × ४५०० पिक्सेल लागतात, कार्डावरच्या फोटोत त्याच्या पासंगालाही पुरतील एवढे नसतात. गिम्पमधलं नोहॅलो स्केलिंग (फोटो मोठा करण्याची पद्धत) पायऱ्या मऊ करतं, डोळे नव्यानं बनवत नाही. घरच्या लग्नातले ग्रुप फोटो शोधायला सांगा. चेहरा लहान असला तरी मूळ प्रिंटवरून स्कॅन केलेला तो कार्डापेक्षा बरा निघतो. व्हॉट्सॲपवर मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. आयफोनवरून आलेली एचईआयसी फाइल गिम्प उघडतं. रंगाचं प्रोफाइल ठेवू की बदलू विचारलं तर एसआरजीबीत (सर्वसाधारण प्रोफाइलमध्ये) बदला, नाहीतर लॅबच्या प्रिंटमध्ये रंग मळकट येण्याची शक्यता असते.

मराठी अक्षरं, फ्लेक्स, पत्रिका

युनिकोड मराठी गिम्पमध्ये नीट बसते. जोडाक्षरं, रफार, ऱ्ह, सगळं. फोटोशॉप ७ मध्ये हे जमत नाही, म्हणूनच जुने लोक अजून वेगळ्या कीबोर्डचे जुने फॉन्ट धरून आहेत. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. ३.० मध्ये अक्षरांना बाहेरून रेघ देणं टूलमध्येच आलं आहे, आणि मजकूर नंतर बदलताही येतो.

वाढदिवसाच्या छोट्या फ्लेक्सपुरतं गिम्प चालून जातं. १० × ४ फूट, ७२ पीपीआयला ८६४० × ३४५६ पिक्सेल. आठ जीबीचं यंत्र एवढं ओढतं. पण त्यावर पंधरा नेत्यांचे गोल फोटो आणि तीस नावं असतील तर इंकस्केप किंवा कोरल घ्या. लग्नपत्रिका तर अजिबात नको. गिम्पमध्ये काम आरजीबीतच (लाल-हिरवा-निळा) होतं. जेपीईजी-टिफ देताना सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करता येतं, पण काळा मजकूर चार शायांत विभागला जातो आणि ऑफसेटवर एखादी प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत सावली पडते.

लग्नाच्या शेकडो फोटोंसाठी डार्कटेबल बसवा, तेही फुकट. कॅमेरा रॉमध्ये (जेपीईजी न करता सेन्सरचीच मूळ माहिती ठेवणारी फाइल) ठेवा, एका मांडवातला एक फोटो नीट करा, लाइटटेबलमध्ये (फोटोंच्या यादीच्या खिडकीत) कंट्रोल-सी, बाकीचे निवडून कंट्रोल-व्ही. गिम्प स्वतः रॉ उघडत नाही, ते डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडेच पाठवतं. त्यातून निवडलेले वीस-पंचवीस अल्बमचे फोटो तेवढे गिम्पमध्ये आणा. अल्बमची पानं रचायला मात्र दोन्हीही कामाची नाहीत. त्यासाठी आज जे सॉफ्टवेअर वापरता तेच ठेवावं लागेल.

उतरवून घ्यायचं ते फक्त गिम्प डॉट ऑर्गवरून. गूगलवर शोधल्यावर वर जी जाहिरात दिसते तिच्यावर टिचकी मारू नका; २०२२ मध्ये गिम्पच्याच नावानं जाहिरात देऊन व्हायरस वाटला गेला होता. फाइल काही शे एमबीची आहे, एकदा पेनड्राइव्हवर घेतली की शेजारच्या स्टुडिओलाही देता येते, आणि तसं देण्याची परवानगी त्याच्या लायसन्समध्येच आहे.